अजून न आलेला जावई

लग्नाच्या बोलणीला वरपक्ष उशिरा आला तर काय करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. फाटक लावायचं, फाटकावर बायका उभ्या करायच्या आणि दंडाची शेळी ठरल्याशिवाय कडी काढायची नाही. त्या बायकांची पुढारी मी, पर्पेतुआ. एलेगूच्या आसपास माझ्याशिवाय एकाही लग्नाचं फाटक उघडलेलं नाही. एरवी मी बाजारात सुकी मासळी विकते, आणि मासळीवालीचा आवाज कसा असतो ते मी सांगायला नको.

पुलापलीकडच्या देशात, जुबाला बसलेल्या सरकारने घड्याळ तासभर मागे घेतलं तेव्हा सगळ्यात मोठा फायदा आमच्या फाटकाचा झाला. त्याआधी पुलाच्या दोन्ही बाजूंना एकच वेळ होती, कारण माणसंही एकच आहेत. अलीकडे आम्ही माडी लोक, पलीकडेही माडीच, मधे एक नदी आणि दोन देशांचे पोलीस. मग एका फेब्रुवारीत रेडिओवर सांगितलं, पलीकडे आता एक तास कमी. आमच्याकडे अकरा वाजले की निमुलेत दहा. झालं! आम्ही दहाला बोलवायचो, निमुलेचे नवरदेव बिचारे स्वतःच्या घड्याळाने अगदी ठोक्याला दहाला यायचे आणि आमच्याकडे अकरा वाजून गेलेले असायचे. ते शपथा घ्यायचे, फोन काढून दाखवायचे. फोनचंही काय, पुलाजवळ तो कधी या देशाची वेळ दाखवतो, कधी त्या. मी म्हणायची, "फोनला लग्न करायचंय का? मग नवरदेवाने सूर्य बघून यायचं होतं." त्या वर्षी आमच्या गावाने दंडाच्या इतक्या शेळ्या खाल्ल्या की पोरं मटणाला नाकं मुरडायला लागली.

पण कुणी लवकर आलं तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या मुलखात बोलणीला लवकर कधी कुणी आलेलंच नव्हतं.

आणि नेमकं ते घडलं माझ्याच भाचीच्या बोलणीला. आन्झोआ माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला, तेव्हापासून घरचा शब्द थोरल्या भावाचा, सेवेरिनोदादाचा. आन्झोआने निमुलेचा आम्बायो पसंत केला होता. मोटारी दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, माझ्याकडून मासळी घेताना घासाघीस न करणारा. एवढा एक दोष सोडला तर मला मुलगा आवडला होता.

दादाला मात्र हे लग्न नको होतं, आणि त्याच्या नको म्हणण्याला मी हसू शकत नव्हते. आन्झोआची थोरली बहीण व्हिचेन्सिया अशीच पलीकडे दिली होती. पलीकडे लढाई पेटली तेव्हा तिचे दिवस भरले होते. नवऱ्याने तिला सायकलवर बसवून सीमेकडे आणायला घेतलं आणि वाटेतच तिच्या कळा सुरू झाल्या. तो रस्त्याकडेला बसून फोन लावत राहिला, कुणीतरी गाडी घेऊन या म्हणून. लावत होता सेवेरिनोदादाला. दादाचा फोन त्या दिवशी दुकानात चार्जिंगला ठेवलेला होता. आणि इकडे तिची आई, माझी वहिनी नतालिना, मांडीवर चालू फोन घेऊन बसली होती. पण आमच्यात जावई सासूशी बोलत नाही. समोर आली तर वाट सोडतो, मान वळवतो, निरोप असला तर मधल्या माणसाकडून देतो. तिचा नंबरसुद्धा त्याच्याकडे नव्हता. असणार कसा? जावयाने सासूचा नंबर ठेवणं म्हणजे तिच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखं. व्हिचेन्सिया आणि तिचं बाळ, दोघंही त्या रस्त्यावर गेली.

तेव्हापासून वहिनी बोलायची कमी झाली. आन्झोआच्या लग्नाचं निघालं तसं तिने तोंडच मिटलं. हो म्हणेना, नाही म्हणेना. आणि आईचा होकार नसेल तर बाकी सगळं फुकट असतं. बोलणी संपत आली की वरपक्ष आईसाठी कापड पाठवतो. आई घराच्या आत बसलेली असते. कापड आत गेलं आणि तिथेच राहिलं तर लग्न ठरलं. परत बाहेर आलं तर पाहुण्यांनी आपापल्या मोटारसायकली चालू करायच्या. दादा गावभर सांगत होता, "कापड परत येणार. मी नतालिनाला ओळखतो." मी विचारलं, "तुझ्याशी बोलली का ती?" तर म्हणे, "बोलत नाही ना, तेच तिचं बोलणं." रात्री आन्झोआ माझ्या कुशीत तोंड खुपसून रडली. "आत्या, कापड बाहेर आलं तर मी काय करू?" मी म्हटलं, "तुझी आत्या मेली आहे का?" म्हटलं खरं, पण वहिनीच्या मनात काय आहे हे मलाही कळत नव्हतं.

बोलणीच्या सकाळी अंगण म्हणजे नुसता रणकंदनाचा देखावा होता. पाहुणे अकराला येणार म्हणून आम्ही आरामात होतो. वहिनी उघड्या डोक्याने, फाटक्या परकरावर, कोपरापर्यंत हात माखून तीळ वाटत होती. मी एका कोंबडीची पिसं काढत होते. सेवेरिनोदादा कुडाच्या आडोशाला अंघोळ करत होता. फाटक सताड उघडं होतं, कारण लावायला अजून तासभर होता.

आणि त्या उघड्या फाटकातून, पांढराशुभ्र सदरा घातलेला आम्बायो थेट आत आला. मागे त्याचे पाच-सहा लोक. सगळ्यात पुढे म्हातारा मार्चेलिनो, त्यांच्या बाजूने बोलणारा, छातीवर हात ठेवून, मोठ्या तोऱ्यात. "बघा! या खेपेला वेळेवर आलो की नाही?"

आम्बायो आणि वहिनी समोरासमोर, चार हातांवर. तिने डोक्यावर घ्यायला फडकं शोधलं, ते तिळात पडलं. त्याने मान वळवली, तर त्या बाजूला तोंडभर फेस आणि कमरेला पंचा अशा अवतारात दादा आडोशातून बाहेर आलेला. पोराने शेवटी डोळेच मिटून घेतले.

मग बायकांनी जी किंकाळी फोडली, ती पुलावरच्या पोलिसांनीही ऐकली असेल.

"कोण मेलं?" दादा ओरडला.

"कुणी नाही. जावई आलाय," मी म्हटलं.

"आत्ता? दहाला?"

मार्चेलिनोचा तोरा क्षणात उतरला. "तुम्हीच तर फोनवर सांगितलंत, दहाला या!"

"दहा म्हणजे तुमचे दहा!" दादाच्या तोंडातून फेसाचे बुडबुडे उडाले. "तुम्हाला हिशोब करायला लागू नये म्हणून मी आधीच एक तास कमी करून सांगितला होता!"

"अरे देवा," मार्चेलिनो मटकन ओट्यावर बसला. "आम्हाला वाटलं तुमचे दहा. गेल्या वर्षी पुतण्याच्या वेळी या बाईने आमची शेळी घेतली, तेव्हाच कानाला खडा लावला होता. म्हणून आम्हीही एक तास कमी केला आणि आमच्या नऊलाच आलो."

दोघा शहाण्यांनी एकमेकांवर उपकार केले आणि आमच्या बोडक्यावर एक तास आधी जावई आणून उभा केला. मला इतकं हसू येत होतं की कोंबडी हातातून निसटली. पण दादाचा चेहरा बघून हसू गिळलं. त्याला हवं ते आयतं सापडलं होतं.

त्याने तोंड पुसलं, पंचा घट्ट केला आणि म्हणाला, "मुलाने सासूला उघड्या डोक्याने पाहिलं. बोलणी व्हायच्या आधीच हा अपमान. आता बोलायचं काय राहिलं? फिरा माघारी."

आतून आन्झोआचा हुंदका ऐकू आला. मार्चेलिनो उठून उभा राहिला. "दंड सांगा. एक शेळी, दोन शेळ्या, काय असेल ते."

"उशिराला दंड आहे," दादा म्हणाला. "लवकर येण्याला दंडच नाही. त्याला क्षमा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटक माझं, आणि निकाल हा देणार? मी हातातली पिसं झटकली आणि मधे जाऊन उभी राहिले.

"दादा, पाहुणे किती वाजता येणार आहेत?"

"पर्पे, हे बघ..."

"किती वाजता?"

"अकराला."

"आणि आत्ता वाजले किती?"

"दहा. पण ते..."

"मग पाहुणे अजून आलेले नाहीत," मी म्हटलं. "जे आलेच नाहीत, त्यांनी कुणाला पाहिलं? वहिनीला उघड्या डोक्याने कुणी पाहिलं असेल तर कोंबड्यांनी. तुझ्या पंच्याचंही तेच. कोणाला दिसतोय का इथे कुणी पाहुणा?"

बायका माझ्या तालमीतल्या. एका सुरात म्हणाल्या, "नाही बाई!"

दादाने पंचा सावरला. त्याला अंगावर कपडे नसताना भांडण वाढवायचं नव्हतं, आणि तेवढं माझ्या पथ्यावर पडलं. "अकराला बघू," म्हणाला, आणि आडोशाला गेला.

मी हवेत बघून बोलले, "पाहुणे असते, तर त्यांनी कुंपणाबाहेर चिंचेखाली बसून वाट बघितली असती. तोंडातून अवाक्षर न काढता." वरपक्ष मुकाट्याने बाहेर गेला. मी फाटक लावलं.

मग पुढचा तास जी मजा आली! कुंपण गवताचं, पलीकडे ते, अलीकडे आम्ही. बायकांनी निमुलेकरांची यथेच्छ चर्चा केली. कुणी म्हणे, त्यांचा म्हातारा टकला आहे असं ऐकते. पलीकडे मार्चेलिनोने हळूच टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. कुणी म्हणे, नवरदेव मुका आहे वाटतं. मार्चेलिनोला तहान लागली, तो कुंपणाच्या फटीतून कुजबुजला, "बाई, पाणी मिळेल का?" मी म्हटलं, "आज वारा फार सुटलाय गं." पण मग पाण्याचा एक घडा कुंपणाबाहेर विसरून आले. न आलेल्या माणसालाही तहान लागते.

वहिनीने तोपर्यंत तीळ वाटून संपवले होते. तिने हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि सरळ कुंपणाकडे गेली, जिथे पलीकडे आम्बायो एकटा बसला होता. मी आडवी गेले. "वहिनी, कुठे?"

"वन्सं, तो आला आहे का?"

"नाही."

"मग तो अजून माझा जावई नाही," ती म्हणाली. "सरका."

कित्येक दिवसांत तिच्या तोंडून इतके शब्द मी ऐकले नव्हते. मी सरकले, पण लांब गेले नाही. बाकीच्या बायकांचा आवाज मी मुद्दाम चढवून ठेवला, आणि स्वतः कान कुंपणाला लावला. ऐकायला लाजले नाही, आताही लाजत नाही.

"पोरा," वहिनी म्हणाली.

पलीकडे तो ताडकन उठल्याचा आवाज आला.

"पळू नकोस. तू अजून आलेला नाहीस. एकदा आलास की मला तुझ्याशी मरेपर्यंत बोलता येणार नाही, म्हणून आत्ता ऐक. मोठीच्या नवऱ्याने त्या दिवशी बावीस वेळा फोन लावला. मला नाही, तिच्या काकाला. माझा फोन माझ्या मांडीवर होता. मी भेंड्या चिरत होते रे. एलेगूहून गाडी घेऊन मी दुपारपर्यंत पोचले असते. बाजारातल्या प्रत्येक गाडीवाल्याला मी ओळखते." तिचा आवाज कापला नाही. माझेच डोळे भरून आले. "तो वाईट नव्हता. रीतीने वागला. माझी पोर रीतीने गेली."

आम्बायो काहीच बोलेना. मला वाटलं, खरंच मुका आहे की काय हा.

"माझ्या आन्झोआला काही झालं," वहिनी म्हणाली, "ताप आला, बंदुका वाजल्या, काहीही, तर तू मला फोन करायचा. मला. काकाला नाही, आत्याला नाही. दिवसा, रात्री, मी न्हात असेन तरी. करशील?"

"आ... आई," तो चाचरत म्हणाला, "माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"मग आत्ता फोड. अर्धा तास आहे आपल्याकडे. म्हण, आई, गाडी घेऊन या."

"आई..."

"मोठ्याने."

"आई, गाडी घेऊन या."

"कुठे येऊ?"

"निमुलेत. दवाखान्यापाशी."

"पुन्हा म्हण."

तिने त्याच्याकडून ते किती वेळा म्हणून घेतलं ते मी मोजलं नाही. पहिल्यांदा घसा खाकरत होता, शेवटी शेवटी पोरगा सरळ बोलायला लागला. रडतही होता बहुतेक. मग कुंपणाच्या फटीतून त्याचा फोन अलीकडे आला, वहिनीने सावकाश एकेक आकडा दाबून परत दिला, आणि काही न बोलता घरात निघून गेली. मी वाटेत उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अकराला वरपक्ष आला. म्हणजे चिंचेखालून उठून फाटकाशी आला. आम्ही बायकांनी असा काही आरडाओरडा केला, जणू त्यांना जन्मात पहिल्यांदा बघतोय. "अगं बाई, निमुलेकर! आणि चक्क वेळेवर!" दंड मागायला जागाच नव्हती, फार जिवावर आलं, पण कडी काढली. मार्चेलिनोने छातीवर हात ठेवून तेच वाक्य पुन्हा तोऱ्यात म्हटलं आणि सगळं अंगण खो खो हसलं. दादासुद्धा मिशीत हसला. इस्त्रीचा सदरा घातल्यावर माणूस जरा मवाळ होतो.

गाईंची बोलणी झाली, शेळ्यांची झाली. इतकी सुरळीत की मला धास्ती वाटायला लागली. मग मार्चेलिनोने आईचं कापड काढलं, निळं, पिवळ्या फुलांचं, आणि माझ्या हातात दिलं. मी घराकडे वळले, तेवढ्यात दादा उभा राहिला.

"पर्पे, थांब." या वेळी तो ओरडत नव्हता. "मी आधी बोलतो. हा मुलगा वाईट नाही. त्याच्या गाईही कमी नाहीत. पण पलीकडे पुन्हा कधी काय पेटेल, कुणी सांगावं? एक पोर माझ्या फोनच्या भरवशावर गेली आहे. ते बावीस फोन मी अजून पुसलेले नाहीत. पुन्हा तशी वेळ आली आणि पुन्हा माझा फोन लागला नाही, तर? मला हे झेपायचं नाही. आणि नतालिनालाही झेपायचं नाही, म्हणून ती बोलत नाही. कापड आत नेऊ नकोस."

तो खोटं बोलत नव्हता. पोराने मान खाली घातली होती. मार्चेलिनोने माझ्या हातातल्या कापडाकडे बघितलं, परत घ्यायचं की काय अशा नजरेने.

तेवढ्यात घराच्या आतून आवाज आला. "भावजी, तुमचा लागला नाही तर माझा लागेल."

सगळे दाराकडे वळले. आई आतून बोलत नसते. कापड बोलतं.

"तुझा?" दादा म्हणाला.

"माझा नंबर आहे त्याच्याकडे."

बायकांनी तोंडावर हात घेतले. मार्चेलिनोच्या हातातली काठी पडली. सासूचा नंबर, जावयाकडे! एक म्हातारी पुटपुटत क्रूसाची खूण करायला लागली. दादाचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"कुणी दिला?"

"मी दिला."

"कधी? तो आत्ता तर आलाय!"

"तो आला नव्हता तेव्हा," वहिनी म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी निकाल दिलेला होता, साऱ्या गावासमोर, आणि त्यानेही तेव्हा तो मोडला नव्हता. आता तो मोडायचा तर आधी हे कबूल करायला लागलं असतं की पाहुणे दहालाच आले होते, त्यानेच सांगितलेल्या वेळेला, आणि त्याच्या तोंडाला साबण होता. पण मला नाही वाटत तो त्यामुळे गप्प बसला. त्याने खिशातून फोन काढला, त्यावर अंगठा ठेवून तसाच उभा राहिला, आणि खाली बसला.

"ने," तो मला म्हणाला.

मी कापड आत नेलं. वहिनी चटईवर भिंतीला टेकून बसली होती, आन्झोआ तिच्या मांडीवर डोकं ठेवून. वहिनीने कापड घेतलं, उलगडलं, फुलं बघितली, नाक मुरडलं. "पिवळा रंग मला शोभत नाही," म्हणाली, आणि ते स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

मी रिकाम्या हातांनी बाहेर आले.